धागा : सीझनआधी दुकानात 'पे लेटर' सुरू करताय? करार, परतावा, बिल आणि बोर्डावरचं '०% व्याज'

सक्करदरा_कूलर
नमस्कार मंडळी. दुकान नागपुरात, सक्करदऱ्याला. कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन. फेब्रुवारी सरला की वुडवूलच्या जाळ्या बदलायला लोकं यायला लागतात, अन् मार्चच्या मधात नवीन कूलरची विक्री सुरू होते. यंदा 'आत्ता घ्या, नंतर भरा' सुरू करायचं आहे. पेमेंट अ‍ॅग्रीगेटरचा करार हातात आहे (पैसे पोचवणारी मधली कंपनी ती), बावीस पानं, सगळी इंग्रजीत. सही करायच्या आधी चार गोष्टी नेमक्या समजून घ्यायच्या आहेत.
कागद कोणते लागतात? माल परत आला तर पैसे कसे द्यायचे? बोर्डावर '०% व्याज' लिहिता येतं का? अन् गिऱ्हाइकानं हप्ते थकवले तर ते आपल्या अंगावर येतं का?

धंतोली_लेखा
कागदांचं लवकर आटपतं. पॅन, जीएसटी नोंदणी, गुमास्ता (दुकानाची नोंदणी), रद्द केलेला चेक, पाटी दिसेल असा दुकानाचा फोटो आणि पत्त्यासाठी लाइट बिल. दहापेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने अधिनियमाखाली फक्त सूचना द्यावी लागते, तिची पावती गुमास्त्याच्या जागी जोडा. अर्ज अडकतो तो नावात. पॅनवर मालकाचं नाव, जीएसटीवर फर्मचं, चेकवर तिसरंच आणि पाटी देवनागरीत. जीएसटी प्रमाणपत्रावर 'ट्रेड नेम' भरलेलं असू द्या आणि पाटीवर तेच नाव असू द्या.

दुसरी अडचण जागेची. दुकान सक्करदऱ्याला आणि माल हिंगण्याच्या गोडाऊनमधून जात असेल, तर ते गोडाऊन जीएसटीत 'अतिरिक्त जागा' म्हणून नोंदलेलं हवं. बदल झाल्यापासून १५ दिवसांत आरईजी-१४ हा जीएसटी नोंदणीतल्या बदलाचा फॉर्म भरायचा असतो. एका दुकानाचं लॉगिन दुसऱ्या दुकानात वापरू नका. व्यवहाराचं ठिकाण जुळलं नाही की सेटलमेंट, म्हणजे तुमच्या खात्यात येणारे विक्रीचे पैसे, रोखलं जातं.

आता मूळ मुद्दा. या विक्रीत दोन वेगळे व्यवहार असतात. कूलर तुम्ही विकता. कर्ज बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे बिगर-बँक वित्त कंपनी, देते. अ‍ॅग्रीगेटर मधला, तो पैसे पोचवतो. रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे निर्देश आधी सप्टेंबर २०२२ मध्ये आले, ८ मे २०२५ ला त्यांच्या जागी नवे आले. त्यांच्यानुसार कर्जाची रक्कम एरवी कर्जदाराच्याच खात्यात जायला हवी. ठरावीक वस्तूसाठीचं कर्ज असेल तर ती थेट विक्रेत्याला देता येते. म्हणून पैसे तुमच्याकडे येतात. परतफेड मात्र थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात, मधे कोणाचंही खातं नको. म्हणजे गिऱ्हाईक काउंटरवर हजार रुपये ठेवून म्हणालं, "भाऊ, माझा हप्ता तुम्हीच भरून टाका", तरी घ्यायचे नाहीत. ओळखीचा असला तरी नाही. त्याच्याच मोबाईलवरून त्याला भरू द्या.

बर्डी_सेटलमेंट
परताव्याचं मी सांगते, सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

गिऱ्हाइकानं १२,००० चा कूलर पे लेटरवर घेतला. चार दिवसांनी मोटर आवाज करते म्हणून परत आणला. दुकानदार भला माणूस, गल्ल्यातून १२,००० काढून देतो. इथे घोटाळा होतो. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या वहीत कर्ज तसंच उभं राहतं. पुढच्या महिन्यात हप्ता कापला जातो. खात्यात पैसे नसले तर मॅन्डेट (हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी) परत येतो, दंड लागतो आणि थकबाकी क्रेडिट रिपोर्टवर जाते. जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे चूक निस्तरायला पूर्वीसारखा महिनाभर हाताशी राहत नाही.

बरोबर पद्धत अशी :
१. डॅशबोर्डवर मूळ व्यवहार उघडा आणि त्याच्याच आयडीवरून 'रिफंड' टाका. पैसे ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत.
२. रिफंडचा संदर्भ क्रमांक बिलाच्या प्रतीवर लिहून गिऱ्हाइकाला द्या.
३. त्याच दिवशी क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढा.
४. कर्ज बंद झाल्याचा मेसेज आला का, हे आठवड्याभरात गिऱ्हाइकाला विचारा. 'रिफंड झाला' आणि 'कर्ज बंद झालं' हे दोन वेगळे मेसेज असतात.

डाउन पेमेंट रोख घेतलं असेल तर तेवढंच रोख परत. कर्जाचा भाग कर्जाकडे.

रिफंड अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शिल्लक. रिफंडची रक्कम तुमच्या पुढच्या सेटलमेंटमधून वळती होते. एप्रिलमध्ये रोजची विक्री मोठी, कळतही नाही. जुलैत पाऊस लागला, कूलरची विक्री थांबली, तेव्हा परत आलेल्या एका फ्रिजचा २४,००० चा रिफंड 'प्रलंबित' दाखवत पडून राहतो. अशा वेळी अ‍ॅग्रीगेटरच्या खात्यात आपण पैसे भरून तो मोकळा करायचा असतो. ही सोय आहे का आणि किती तासांत होते, हे करार करतानाच विचारा.

गांधीबाग_कापड
ताई, आमच्याकडे साड्या. तीन साड्यांचं एक बिल, एक परत आली तर? अन् बदलून दुसरी दिली तर?

बर्डी_सेटलमेंट
एक परत आली तर आंशिक रिफंड, फक्त तेवढ्या रकमेचा. हप्ते नव्यानं बसवणं कर्ज देणाऱ्या संस्थेचं काम, तुम्ही काउंटरवर तोंडी आकडा सांगू नका. काही योजनांत आंशिक रिफंड चालतच नाही, पूर्ण रद्द करून नवा व्यवहार करावा लागतो. तुमच्या लग्नसराईत हे रोजचं असणार, म्हणून करारात हे कलम आधी शोधा.

बदलून दिलेली साडी त्याच किमतीची असेल तर कर्जाला हात लावायचा नाही. बिलावर बदल नोंदवा, डिलिव्हरीचा पुरावा नवीन घ्या. किंमत कमी असेल तर फरकाचा आंशिक रिफंड. जास्त असेल तर फरक रोख, यूपीआय किंवा कार्डानं घ्या, जुन्या कर्जात वाढवता येत नाही.

धंतोली_लेखा
क्रेडिट नोटची मुदत लक्षात ठेवा. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच ती जीएसटी विवरणात दाखवता येते, वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर त्या दिवसापर्यंत.

महाल_मोबाईल
यात एक भर. गिऱ्हाइकाला कर्ज घेतल्यावर तीन दिवस 'कूलिंग-ऑफ' मिळतो, त्यामुळे तीन दिवस माल परत घ्यावाच लागतो ना?

गोकुळपेठ_वकील
यात दोन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात.

तीन दिवस हा २०२२ चा नियम : कर्जाची मुदत सात दिवस किंवा जास्त असेल तर किमान तीन दिवस, कमी असेल तर एक. २०२५ च्या निर्देशांत ही मुदत कर्ज देणाऱ्या संस्थेचं संचालक मंडळ ठरवतं, किमान एक दिवस. नेमका आकडा 'मुख्य तथ्य विवरणा'त, म्हणजे केएफएसमध्ये छापलेला असतो.

दुसरं, कूलिंग-ऑफ कर्जातून बाहेर पडण्यासाठी आहे, वस्तू परत करण्यासाठी नाही. गिऱ्हाईक मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय कर्ज बंद करू शकतं. वाजवी प्रोसेसिंग फी संस्था ठेवू शकते, पण केएफएसमध्ये ती आधी लिहिलेली असेल तरच. फोन किंवा कूलर त्याच्याकडेच राहतो.

माल परत घेण्याचा प्रश्न तुमच्या बिलावरच्या अटींवर आणि ग्राहक संरक्षण कायद्यावर ठरतो. २०१९ च्या कायद्यात सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, लिहिलेली नसेल तर ३० दिवस. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारून सदोष मालातून सुटका होत नाही. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमात येणारी प्रथा.

सक्करदरा_कूलर
हे लय कामाचं निघालं. आता '०% व्याज' चं सांगा. शेजारच्या दोन दुकानांवर तोच बोर्ड आहे.

धंतोली_लेखा
शून्य टक्के व्याजाचं कर्ज अस्तित्वात नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना बजावलं आहे. व्याज प्रोसेसिंग फीत किंवा किमतीत लपवलं जातं, हाच तिचा आक्षेप होता. कूलरवरच मांडून दाखवतो.

किंमत १२,००० जीएसटीसह. सहा हप्ते २,००० चे. कर्जाचा दर वर्षाला १५ टक्के धरा, घटत्या शिलकीवर. सहा वेळा २,००० येणार असतील तर आजचं मुद्दल ११,४९२ निघतं. म्हणजे ५०८ रुपये व्याज आहे. ते कुणीतरी सोसतंच, कूलरची कंपनी किंवा तुम्ही. यालाच सबव्हेन्शन म्हणतात.

आता ते ५०८ कागदावर कुठे दिसतात ते पाहा.

पहिली पद्धत : बिलावरच ५०८ ची सूट. बिल ११,४९२ चं. १८ टक्के जीएसटी त्याच्या आत १,७५३.०२. गिऱ्हाईक संस्थेला १२,००० भरतं, त्यातले ५०८ व्याज.
दुसरी पद्धत : बिल १२,००० चं, संस्था सेटलमेंटमधून ५०८ कापते. जीएसटी १,८३०.५१.

एका कूलरमागे करात ७७ रुपयांचा फरक. करारात दुसरी पद्धत आणि बिलं मात्र पहिल्या पद्धतीनं, अशी गल्लत केलीत तर कर कमी भरला जातो, आणि अ‍ॅग्रीगेटरचा अहवाल आणि तुमची विक्री कधीच जुळत नाही. विक्रीच्या वेळी दिलेली सूट बिलावर वेगळी दाखवली तरच करपात्र किमतीतून वजा होते. बिल १२,००० चं काढून वहीत मागाहून ५०८ वजा करणं चालत नाही.

आणखी एक. कमिशन २ टक्के धरलं तर २४०, त्यावर जीएसटी ४३.२०. दुसऱ्या पद्धतीत खात्यात येणार १२,००० − ५०८ − २४० − ४३.२० = ११,२०८.८०. बरेच जण विक्री म्हणून बँकेत आलेली हीच रक्कम चढवतात. चूक. विक्री १२,०००, बाकीचे खर्च. ४३.२० चं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, तेव्हाच मिळतं, जेव्हा अ‍ॅग्रीगेटरच्या बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असतो आणि ते जीएसटीआर-२बी या पोर्टलवरच्या विवरणात दिसतं.

पूर्ण रिफंड झाला तर हे २८३.२० बहुतेक करारांत परत मिळत नाहीत. सदोष मालाच्या परताव्यातून ते गिऱ्हाइकाकडून कापू नका.

बर्डी_सेटलमेंट
आणि 'पे लेटरला दोन टक्के जास्त' हेही नको. यूपीआयला आणि रुपे डेबिट कार्डाला १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापलं जाणारं कमिशन, नाही, त्यामुळे दुकानदाराला पे लेटरचं कमिशन बोचतं, हे खरं आहे. पण समान किमतीचं कलम करारात असतं आणि एका तक्रारीवर सेवा बंद होते. परवडत नसेल तर किमान रकमेची मर्यादा अ‍ॅग्रीगेटरकडून सेट करून घ्या, उदाहरणार्थ ३,००० च्या वरच पे लेटर. काउंटरवरच्या माणसानं मनानं ठरवायचं नाही.

इतवारी_सराफा
आमच्या अर्जाला तीन जागी नकार आला. कारण 'व्यवसाय प्रकार मान्य नाही' एवढंच. सराफ्यात कोणाला मिळालंय का?

गोकुळपेठ_वकील
दादा, सोनं खरेदीसाठी कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची बँकांना आणि एनबीएफसींना मनाई आहे. दागिने, नाणी, बिस्किटं, कुठल्याही रूपात. २०१२ पासूनचं धोरण आहे, म्हणून नकार तुमच्या फर्मला नाही, वस्तूला आहे. 'गिफ्ट आर्टिकल' म्हणून नोंदणी करून दागिना विकायचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नका. बिलावरचा एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) सोन्याचा, अ‍ॅग्रीगेटरकडचा प्रकार भेटवस्तूंचा. तपासणीत पहिली नजर तिथेच जाते, आणि मग अडकलेलं सेटलमेंट सुटायला महिने लागतात.

महाल_मोबाईल
काउंटरवरच्या शिस्तीचं मी लिहितो, मोबाईलच्या धंद्यात हे जास्त लागतं.

ओटीपी गिऱ्हाइकानं स्वतःच्या फोनवर स्वतः टाकायचा. म्हातारी माणसं फोन पुढे करून म्हणतात, "बाबू, तूच टाक". तरी नाही. वाचून दाखवा, समजावून सांगा, बोट त्यांचं. पुढे 'मी कर्ज घेतलंच नाही' अशी तक्रार आली तर ओटीपी दुकानातल्या माणसानं टाकला एवढ्यावरून रक्कम तुमच्याकडून वसूल होते.

आधार-पॅनचे फोटो दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. केवायसी संस्थेच्या अ‍ॅपमध्येच. झेरॉक्सचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये साठवणं हा नुसता धोका आहे, त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. अ‍ॅप कॉन्टॅक्ट, कॉल लॉग किंवा गॅलरी मागत असेल तर तिथेच थांबा. डिजिटल कर्जाच्या अ‍ॅपला ते घेता येत नाही. केवायसीपुरता एकदा कॅमेरा किंवा लोकेशन, तेही परवानगीनं. अ‍ॅप खरं आहे का ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येतं, जुलै २०२५ पासून तिथे संस्थांनी कळवलेल्या अ‍ॅपची यादी आहे.

डिलिव्हरीचा पुरावा : बिलावर सीरियल नंबर किंवा आयएमईआय, चलनावर तारखेसह सही, खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो. कूलरचा सीरियल नंबर मागच्या पॅनेलवर असतो अन् पाणी लागून स्टिकर निघतं, म्हणून गोडाऊनमधून निघतानाच फोटो काढा.

जादा वॉरंटी, विमा, 'प्रोटेक्शन प्लॅन' हे आपणहून टिक करून कर्जात घालायचं नाही. बिलावर वेगळी ओळ, वेगळी किंमत, वेगळा होकार. वेबसाइट असेल तर ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत याला 'बास्केट स्नीकिंग' म्हणून नाव घेऊन मनाई आहे.

आणि सगळ्यात घातक प्रकार. "माल नको, लिमिटमधून दहा हजार नगद द्या, पाचशे तुमचे." हे केलं तर बिल मालाशिवायचं ठरतं. अ‍ॅग्रीगेटर खातं बंद करतो, शिवाय सीजीएसटीच्या कलम १२२ खाली दंड वेगळा.

सक्करदरा_कूलर
चौथं राहिलं. करारात एक कलम आहे, भाषांतर असं : 'ग्राहकाने परतफेड न केल्यास व्यापारी थकीत रकमेची भरपाई करेल.' हे नेहमीचं असतं का?

गोकुळपेठ_वकील
नाही. यावर सही करू नका.

कर्ज बुडण्याची हमी, म्हणजे डिफॉल्ट लॉस गॅरंटी, हिला रिझर्व्ह बँकेनं ८ जून २०२३ ला चौकट घातली. कर्जसंचाच्या ५ टक्क्यांपर्यंतच, आणि ती देणारा सेवा पुरवठादार (कर्ज देणाऱ्या संस्थेसाठी काम करणारा) कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असावा लागतो. एकल मालकीचं किंवा भागीदारीचं दुकान त्या चौकटीत बसतच नाही. कलम काढून मागा.

मात्र त्याच पानावर शेजारी दुसरी कलमं असतील : माल पोचलाच नाही, बनावट बिल, ओटीपीचा गैरवापर, रिफंड देऊन डॅशबोर्डवर न टाकणं. यात रक्कम तुमच्याकडून परत घेतली जाते आणि ते रास्त आहे. फक्त तिथे दोन गोष्टी लिहून घ्या. वळती करण्याआधी पुरावा द्यायला किती दिवस मिळतील, आणि वादातली रक्कम सोडून बाकीचं सेटलमेंट चालू राहील.

वसुलीतही पडू नका. संस्थेचा माणूस म्हणेल, "तुमच्या ओळखीचा आहे, एक फोन करा." फोन केलात की तुम्ही वसुलीचं काम करता आहात, आणि ते काम करणारा सेवा पुरवठादार ठरतो. त्याचे नियम वेगळे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, इथपासून सुरुवात.

गिऱ्हाइकाची तक्रार कर्जाबद्दल असेल तर त्याला केएफएसवरचा तक्रार अधिकाऱ्याचा नंबर दाखवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रारींच्या पोर्टलवर, चौकशीला १४४४८. तिच्या सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत खेटे घालायची गरज नाही. क्रेडिट रिपोर्टमधली चूक ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हेही सांगा. ज्याचं कर्ज रिफंडनंतर उभं राहिलं त्याला हे लागतं.

धंतोली_लेखा
केएफएस मराठीत मागता येतो, कर्जदाराला समजेल अशा भाषेत तो द्यायचाच आहे. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जाला त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम राहतात. म्हणून गिऱ्हाईक "घरी विचारून येतो" म्हणालं तर घाई करू नका, ऑफर आज संपते असं खोटं सांगू नका.

सक्करदरा_कूलर
सगळ्यांचे मनापासून आभार. हमीचं कलम काढून मागवलं आहे. बोर्डाचा मजकूर असा केला, चालेल का पाहा :

'कूलर ₹१२,००० पासून. ६ हप्ते ₹२,००० प्रत्येकी. व्याजाची रक्कम आम्ही भरतो. कर्ज एनबीएफसीकडून, मंजुरी त्यांची. प्रोसेसिंग फी वेगळी असू शकते. सदोष माल ३० दिवसांत परत.'

गोकुळपेठ_वकील
'एनबीएफसीकडून' च्या जागी त्या संस्थेचं पूर्ण नाव लिहा. 'असू शकते' काढा, फी किती ते आकड्यात लिहा, नसेल तर ओळच नको. वार्षिक दर, म्हणजे एपीआर, केएफएसमध्ये असेल तोच छापा, तुमचा हिशेब नको.

बर्डी_सेटलमेंट
आणि 'पासून' काढा. २,००० × ६ हे १२,००० च्याच मॉडेलला लागू आहे, मोठ्या टाकीच्या कूलरला नाही. मॉडेलचं नाव टाका.